आधी पाठ बघ
अगं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी जाशील तेव्हा बीपीचं यंत्र काढण्याआधी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ बघ. माकडहाड, टाचा, घोटे. बोटाने दाबून लाली फिकी झाली नाही तर ती पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे ऊब आणि टणकपणा हातानेच कळतो. दर 2 तासांनी कूस बदलायला घरच्यांना हाताला धरून शिकव. पावसाळ्यात चादरी दमट राहतात, तेव्हा तर जास्तच जप.

दुखण्यावरचं मॉर्फिन चालू असेल तर शौचाला घट्ट होतं, म्हणून सोबत रेचक हवंच. एकदा शौचाचं विचारायचं माझ्याकडून राहिलं, आजोबांनी 5 दिवस कळ सोसली. अजून सलतं.

दुखणं 0 ते 10 मध्ये विचारून वहीत लिही. निघताना सुनेलाही विचार, रात्री झोप लागते का?