कोपरे कापलेल्या, वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या पॅच अँटेनाचा ॲक्शियल रेशो २० मेगाहर्ट्झमध्येच अडकतो. बँड कसा वाढवू?

तुमचा पॅच १.६ मिमी एफआर-४ वर, म्हणजे नेहमीच्या सर्किट बोर्डाच्या ग्लास-इपॉक्सीवर आहे. २.४ ते २.४८ गिगाहर्ट्झभर रिटर्न लॉस (अँटेनावरून किती कमी सिग्नल परततो) चांगला येतो, पण ॲक्शियल रेशो (ध्रुवीकरण वर्तुळाच्या किती जवळ आहे; ० डीबी म्हणजे अचूक वर्तुळ) ३ डीबीखाली जेमतेम २० मेगाहर्ट्झच राहतो. कोपरे कमीजास्त कापून हे सुटणार नाही. एका फीडवर पॅचच्या दोन काटकोनी कंपनांत, म्हणजे मोडमध्ये, ९० अंशांचा फरक एकाच फ्रिक्वेन्सीला पडतो, आणि पातळ सबस्ट्रेटवर (पॅचखालच्या थरावर) क्यू, म्हणजे रेझोनन्सचा टोकदारपणा, जास्त असल्याने तो लगेच बिघडतो. कापाने तो बिंदू फक्त सरकतो.

म्हणून आधी जाडी वाढवा. ग्राउंडपासून १० मिमी हवेवर साधारण ४८ मिमीचा चौरस पॅच घ्या. नेमकं माप सिम्युलेशनमध्ये काढा. मग दोन लगतच्या बाजूंना दोन प्रोब (पॅचला सिग्नल देणाऱ्या उभ्या पिना) देऊन ९० अंशांच्या हायब्रिडने चालवा; तो सिग्नलचे दोन सारखे भाग करून त्यांत ९० अंशांचा फरक पाडतो. ब्रँच-लाइन हायब्रिड त्याच एफआर-४ वर बसतं: ५० ओहमची रेघ ३ मिमी रुंद, ३५ ओहमची पाचाच्या थोडी वर, प्रत्येक बाहू सुमारे १७ मिमी.

इथे अडतं ते प्रोबच्या लांबीवर. १.३ मिमी जाडीची १० मिमी पिन २.४५ गिगाहर्ट्झला सुमारे १०० ओहम प्रेरणिक रिॲक्टन्स आणते. पिनभोवती पॅचमध्ये गोल खाच कापून ०.६५ पिकोफॅरडच्या आसपास सीरिज कपॅसिटन्स मिळवा. लांब पिना स्वतःही रेडिएट करतात आणि एकमेकींना कपल होतात. तिरक्या कोनांतही ॲक्शियल रेशो सांभाळायचा असेल तर ०, ९०, १८०, २७० अंशांचे चार प्रोब लागतात. फीड नेटवर्क किचकट होतं, पण समोरासमोरच्या पिनांचं रेडिएशन बरंचसं कटतं.

फेज सांभाळा. ॲम्प्लिट्यूड सारखी असताना १० अंशांच्या चुकीने ॲक्शियल रेशो १.५ डीबी होतो, २० अंशांना ३ च्या वर जातो.

आणि हायब्रिड लावल्यावर एस-११ वर (इनपुटवरून परतणाऱ्या सिग्नलच्या मापावर) अजिबात विश्वास ठेवू नका. दोन्ही प्रोबवरून परतलेली पॉवर हायब्रिडच्या आयसोलेटेड (न वापरलेल्या चौथ्या) पोर्टच्या ५० ओहम रेझिस्टरमध्ये जिरते, त्यामुळे पॅच पूर्ण चुकला तरी आलेख सुंदरच दिसतो. सुरुवातीला तिथे रेझिस्टरऐवजी कनेक्टर बसवा आणि तिकडे किती पॉवर जाते ते मोजा. नंतर समोर एक रेषीय अँटेना तिच्या अक्षाभोवती फिरवा. कमाल आणि किमान पातळीतला फरक हाच ॲक्शियल रेशो.

वर्तुळाकार ध्रुवीकरणाची दिशा (उजवं-डावं) उलटी निघाली तर पॅचला हात लावू नका, हायब्रिडचे इनपुट आणि आयसोलेटेड पोर्ट अदलाबदल करा.