हरकती-सूचना मागवल्या म्हणजे लोकसहभाग झाला का?

आपल्या शहरात बससाठी स्वतंत्र मार्गिका होणार असून महापालिकेने हरकती-सूचना मागवल्या आहेत, यालाच लोकसहभाग म्हणायचे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते म्हणू नये. हरकतींची वेळ येते तेव्हा आराखडा तयार झालेला असतो. नागरिकाला फक्त ‘हवे’ किंवा ‘नको’ म्हणता येते, आणि रस्त्याच्या मर्यादित रुंदीतला किती भाग पादपथाला, किती बसला व किती खासगी वाहनांना द्यायचा, हा खरा प्रश्न चर्चेबाहेरच राहतो. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम ३७ नुसार हरकती मागवाव्याच लागतात, पण थांबा नेमका कुठे असावा यासारख्या तपशिलांना ते कलम लागू होत नाही. बसप्रवाशाचे सुखदुःख तर त्या तपशिलातच असते.

पुण्यात २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेवरून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली, तेव्हा रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यांपर्यंत पायी सुरक्षित पोहोचायचे कसे, हाच प्रवाशांचा मोठा प्रश्न ठरला. काठी टेकत निघालेल्या आजी दुभाजकापर्यंत पोहोचण्याआधीच सिग्नल बदलतो, हे नकाशावर दिसत नाही. रोज तिथून जाणाऱ्याला मात्र ते ठाऊकच असते. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्ग सुरू करताना बसच्या आतल्या फरशीशी समतल थांबे बांधले गेले आणि लोकांना माहिती देण्यावरही भर दिला गेला. ही सुधारणा मला महत्त्वाची वाटते, तरीही ठरलेले समजावून सांगणे वेगळे आणि ठरवताना विचारणे वेगळे.

म्हणून आपल्या हरकतीत केवळ विरोध किंवा पाठिंबा न नोंदवता, निविदा निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी नागरिकांसह गर्दीच्या वेळी आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्याची पायी पाहणी करावी, अशी मागणी करा. किमान दोन पर्यायी आराखडे मागा. मोजणी वाहनांची नव्हे, माणसांची व्हावी, असा आग्रह धरा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाची भूमिकाही तीच आहे. सकाळी अकराच्या कार्यालयीन बैठकीला घरकाम करणाऱ्या बायका किंवा पथारीवाले येऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांचे म्हणणे बसथांब्यावर जाऊनच ऐकले पाहिजे. आणि जी सूचना नाकारली जाईल, तिचे कारण लेखी मिळावे, हेही त्याच अर्जात लिहा.