जुन्या इमारतीत स्थानिक इतिहासाचं दालन: काचपेट्यांची ऑर्डर देण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जतन केलेली दुमजली जुनी इमारत संस्थेच्या ताब्यात आली आहे, खाली-वर मिळून सहा खोल्या आहेत, लोकांनी दिलेल्या दोनेकशे वस्तू, कागद आणि फोटो जमले आहेत. इंटिरियरवाल्यांनी भिंतींना प्लायचं पॅनेलिंग, वर फॉल्स सीलिंग आणि भिंतीलगत काचपेट्या असा आराखडा दिलाय. तो मान्य करावा का?

मी असल्या कामात सोळा वर्षं आहे. माझं उत्तर, करू नका. तुमच्या संग्रहातली सगळ्यात मोठी वस्तू ती इमारतच आहे आणि हा आराखडा नेमकी तीच झाकून टाकतो.

एक प्रसंग सांगते. आम्ही एका जुन्या घरात मांडणी करत होतो. वरच्या एका खोलीत भिंतीला कंबरेच्या उंचीवर सारख्या अंतराने लाकडी खुंट्यांची भोकं होती, एकूण चोवीस. रंगारी लांबी (पुट्टी) भरून ती बुजवणार होता. बुजवायला सांगणारी मीच होते, कारण तिथे नकाशाचा मोठा फलक लावायचा होता. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी संग्रहातली एक हजेरीची वही चाळताना पहिल्या पानावर त्याच खोलीचा उल्लेख सापडला. काही वर्षं तिथे लहान मुलांचा वर्ग भरत होता. ती भोकं दप्तरं अडकवायच्या खुंट्यांची होती, म्हणून इतकी खाली. फलक रद्द केला. भोकांवर तिरका उजेड सोडला, समोर कमी उंचीच्या पेटीत ती वही उघडून ठेवली आणि चार ओळींची पाटी लिहिली. आजही पाहुणे सगळ्यात जास्त वेळ त्याच भिंतीपाशी थांबतात, मुलं तर भोकांत बोटं घालून बघतात. ती वही दुसऱ्या कुठल्याही इमारतीत नुसती वहीच राहिली असती.

म्हणून आधी वस्तूंची यादी बाजूला ठेवा आणि इमारतीची यादी करा. झिजलेली पायरी, बुजवलेला दरवाजा, धुराने काळवंडलेला कोपरा, पोपड्याखाली दिसणारे रंगाचे जुने थर, मागाहून घातलेली भिंत, सगळं फोटो काढून नकाशावर मांडा. मग प्रत्येक वस्तूला विचारा, तू या घरात कुठे बोलशील? दोनशेपैकी चाळीस-पन्नास वस्तूंना जागा सापडेल. बाकीच्या साठवणीच्या खोलीत जाऊ द्या आणि आलटून पालटून बाहेर काढा. देणगीदार थोडे नाराज होतात, पण गच्च भरलेल्या खोलीत कुणाचीच वस्तू दिसत नाही हे समोर उभं करून दाखवलं की पटतं.

न्यूयॉर्कच्या टेनेमेंट म्युझियमची, म्हणजे भाडेकरूंच्या चाळवजा इमारतीतल्या संग्रहालयाची, गोष्ट इथे उपयोगी पडेल. ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ क्रमांकाची ही इमारत १८६३ सालची. १९३५ नंतर तिथली घरं बंद पडली ती पन्नासेक वर्षं तशीच राहिली. १९८८ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि पुढे त्यांनी काही घरं एकेका भाडेकरू कुटुंबाच्या काळाप्रमाणे सजवली आणि काही मुद्दाम पडक्या अवस्थेतच ठेवली, भिंतीवरच्या कागदाचे एकावर एक थर दिसावेत म्हणून. तुमच्याकडेही सहापैकी एखादी खोली जवळजवळ रिकामी सोडायची हिंमत करा.

आता पॅनेलिंगचा तांत्रिक दोष. चुन्याच्या गिलाव्याची जुनी भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर प्लाय ठोकला, सिमेंटचा गिलावा केला किंवा प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, मागच्या बाजूने बुरशी आणि वाळवी लागते आणि ते दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. काचपेट्याही बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. आमच्या एका कामात पेटी थेट थंड भिंतीला टेकलेली होती. आत जुने फोटो, काचेला लागून. एका पावसाळ्यात आत दव धरलं, फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटला आणि दोन फोटो कायमचे गेले. एका कुटुंबाकडे त्यांच्या आजीचे तेवढेच फोटो होते. तेव्हापासून मी भिंतीपासून निदान वीतभर अंतर सोडते आणि फोटो व काच यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा ठेवते.

हे अंतर दिसायलाही सुंदर करता येतं. इटलीत व्हेरोनाच्या कास्तेलवेक्यो किल्ल्यातल्या संग्रहालयात वास्तुरचनाकार कार्लो स्कार्पा यांनी केलेली मांडणी पाहा (फोटो सहज मिळतील). संग्रहालय १९६४ मध्ये पुन्हा खुलं झालं. त्यांनी नवी फरशी जुन्या भिंतीला भिडवलीच नाही, मध्ये खाच सोडली. नवं काय आणि जुनं काय हे न सांगता कळतं. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्याच आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचंही हेच म्हणणं आहे, नवी भर एकूण वास्तूशी सुसंगत हवी पण मूळ भागापासून वेगळी ओळखू यायला हवी. माझा व्यवहारातला नियम साधा आहे: जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे आणि मागे भोक राहता कामा नये. स्वतःच्या पायावर उभ्या चौकटी, वजनाने स्थिर राहणारे तळ, जुन्या खिळ्यांचाच वापर.

पेट्यांचं साहित्य नीट निवडा, इथे बहुतेक जण फसतात. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड), प्लाय आणि ओकसारखी लाकडं आम्ल वाफा सोडतात. बंद पेटीत शिशाची वस्तू त्याने पांढरी भुकटी होऊन जाते. लोकरीच्या फेल्टवर ठेवलेली चांदी काळी पडते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यासाठी सोपी चाचणी सुचवली: साहित्याचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पत्र्यांसोबत दमट बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचा आणि पत्रे बिघडतात का ते पाहायचं. तुम्हाला ते जमणार नसेल तर पावडर कोटिंग केलेला धातू, काच आणि न रंगवलेलं, धुतलेलं सुती कापड इतक्यावर भागवा.

उजेडाचं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. कागद, कापड आणि रंगीत फोटोंना ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ही नेहमीची मर्यादा. खिडकीलगत सहज २००० लक्स असतो, म्हणजे तिथला एक दिवस ५० लक्सच्या चाळीस दिवसांइतका. पण म्हणून खिडक्या बुजवू नका, खिडकीतून दिसणारा रस्ता हाही तुमच्या इतिहासाचा भाग आहे. काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा, पडदे ठेवा, नाजूक कागद आतल्या खोलीत न्या आणि तीन-चार महिन्यांनी बदला. एरवी चांगली प्रत लावा आणि पाटीवर 'प्रत' असं स्पष्ट लिहा.

एसीची घाई नको. दिवसा चालू, रात्री बंद असा एसी वस्तूंना आणि लाकडी कामाला रोज फुगवतो नि आकसवतो. आधी प्रत्येक खोलीत डेटालॉगर (आपोआप नोंद ठेवणारं छोटं यंत्र) ठेवून वर्षभर तापमान आणि आर्द्रता नोंदवा. आर्द्रता फार दिवस ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीची भीती असते. बऱ्याचदा गळती बंद करून, पन्हाळी साफ करून आणि खिडक्या वेळेवर उघडून-मिटूनच निम्मं काम होतं.

वरच्या मजल्याच्या मजबुतीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून आवर्जून सांगते. राहत्या घराच्या मजल्याला आज साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, संग्रहालयासारख्या गर्दीच्या जागेला ४०० ते ५०० किलो. जुन्या तुळया तपासल्याशिवाय वर जड पेट्या आणि पन्नास माणसं चढवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर जुन्या लाकडाचं काम केलेलाच घ्या. आणि जिना ज्यांना चढता येत नाही त्यांना कथा अर्धवट मिळू नये, म्हणून मुख्य गोष्ट तळमजल्यावरच पूर्ण करा. दाराशी रॅम्प १ः१२ (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) पेक्षा उभा नको, उंबरठ्यावरून नेताना तो सुटा ठेवा.

पाट्या पन्नास-साठ शब्दांच्या, उभ्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही वाचता येतील अशा. मालकाइतकंच तिथे राबणाऱ्यांचंही लिहा. मागचा जिना, कोठार, पाणी भरायची जागा त्यांच्याबद्दल बरंच सांगते.

तळमजल्याचा मापासह नकाशा आणि बाहेरच्या भिंतींचे पावसाळ्यातले फोटो इथे टाका. पहिल्या दोन खोल्यांत काय कुठे ठेवता येईल ते मी त्यावर आखून देईन. तोवर रंगाऱ्याला थांबवून ठेवा.