तालुक्याच्या कॉलेजात नुकतीच सहायक प्राध्यापक झाले. कोणते प्रशिक्षण आधी करू?

आधी इंडक्शन, म्हणजे नव्या शिक्षकांचा ओरिएंटेशन कोर्स. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पगाराच्या लेव्हल 10 वरून 11 वर बढतीने जायला 21 दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो, तो लांबवू नका. हे कोर्स घेणारी पूर्वीची एचआरडीसी केंद्रे आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली आहेत; पुणे, मुंबई, नागपूर इथे ती आहेत. ऑनलाइनही कोर्स असतात, पण एक तरी प्रत्यक्ष जाऊन करा, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या रिफ्रेशरमध्ये, म्हणजे विषयाच्या उजळणीच्या कोर्समध्ये, भूगोलाच्या एका मॅडमनी आपल्या विद्यार्थ्यांनी काढलेले गावातल्या विहिरींचे नकाशे टेबलावर पसरले होते. कडेला पेन्सिलीने पाण्याची पातळी लिहिलेली. तेव्हापासून माझे विद्यार्थीही अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी आठवडी बाजारात भाव टिपायला जातात.

विषय पक्का करायला एनपीटीईएल, म्हणजे आयआयटी-आयआयएससीचे ऑनलाइन कोर्स, उत्तम. नोंदणी मोफत, परीक्षेला तेवढी फी. बारा आठवडे रोज थोडे ऐकायची तयारी मात्र हवी.

प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच आयक्यूएसीकडे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडे, त्याची प्रत द्या. कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाइल भरताना जुने कागद शोधत बसण्यात फार वेळ जातो.