बुद्धिमत्ता ७० टक्के आनुवंशिक असते, हे खरं आहे का?

हा आकडा बहुधा अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या जुळ्यांच्या अभ्यासातला. मानसशास्त्रज्ञ थॉमस बुशार्ड यांनी १९७९पासून लहानपणीच ताटातूट होऊन वेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी (म्हणजे जनुकंही सारखीच असलेली) जुळी शोधून त्यांच्या चाचण्या घेतल्या. १९९०मध्ये निष्कर्ष छापला: बुद्ध्यंकात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७० टक्के जनुकांशी जोडता येतो.

म्हणजे तुमच्या बुद्धीतले ७० टक्के आईवडिलांकडून आले, असं मुळीच नाही. आकडा त्या गटापुरता असतो. गट बदला, आकडा बदलतो. मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर यांनी २००३मध्ये अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवर हेच दाखवलं. सुखवस्तू घरांत फरक मुख्यतः जनुकांचा. गरीब घरांत मात्र जनुकांचा वाटा जवळपास शून्य, आणि सुमारे ६० टक्के फरक घरच्या परिस्थितीचा. (युरोपातल्या अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलं नाही, हेही सांगायला हवं.)

'हुशारीचं जनुक' वगैरे विसरा. २०१८मध्ये संशोधकांनी ११ लाख लोकांचा डीएनए तपासला, शिक्षणाशी संबंधित हजाराहून जास्त जागा मिळाल्या. प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. त्यावरून काढलेल्या स्कोअरने शिक्षणाच्या वर्षांतला जेमतेम ११ ते १३ टक्के फरक सांगता आला, आणि तोही युरोपीय वंशाच्या लोकांतच.

या आकड्यांवरून जाती किंवा वंशांची तुलना करणारा फॉरवर्ड आला, तर सरळ डिलीट करा. गटाच्या आतल्या फरकाचा आकडा दोन गटांमधल्या फरकाचं कारण सांगतच नाही.