जुनी मर्सिडीज ई-२२० विकून बीएमडब्ल्यू झेड-४ घ्यावी का?

वडिलांनी १९९६ साली घेतलेली मर्सिडीज ई-२२० विकून बीएमडब्ल्यूची झेड-४ एम-४०-आय घ्यावी का, आणि मुंबईत रोज वापरायला दोहोंपैकी कोणती बरी, असे आपण विचारले आहे. माझ्याकडे याच पिढीची (डब्ल्यू-१२४) ई-२२० आहे आणि मेहुण्यांची झेड-४ मी गेले दोन पावसाळे अधूनमधून चालवत आलो आहे.

आकडेच पाहायचे तर सामना एकतर्फी आहे. ई-२२० चे चार सिलिंडरांचे इंजिन १५० अश्वशक्तीचे, तर झेड-४ चे तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन ३४० अश्वशक्तीचे आहे, आणि ती शून्यावरून शंभरचा वेग साडेचार सेकंदांत गाठते. परंतु सी लिंकवर आणि सागरी किनारा रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर, बोगद्यात तर ६०. त्यामुळे ही ताकद बहुतेक वेळ झोपूनच असते. मला झेड-४ ची खरी गंमत कळली ती मरीन ड्राइव्हवर, पहाटे, छत उघडून, जेमतेम चाळीसच्या वेगात. चालक जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेला असल्यामुळे गाडी वळताना ती चाके काय करत आहेत हे सीटमधूनच समजते. ई-२२० चे स्टीअरिंग मधोमध थोडे सैल असते. तिथे हे सुख नाही. ब्रेक आणि अपघातातील सुरक्षितता यांतही नवी गाडी निर्विवाद पुढे आहे.

मात्र आपल्या रस्त्यांवर पारडे फिरते. ई-२२० ला १५ इंची चाके आणि जाड कडेचे टायर आहेत, त्यामुळे पेव्हर ब्लॉक उखडलेल्या रस्त्यावरून जातानाही मागे बसलेल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही. (हा प्रयोग माझ्या आईने केलेला आहे.) झेड-४ च्या १९ इंची चाकांवरून तोच रस्ता मणक्यांना मोजता येतो. गतिरोधक नियमाप्रमाणे १० सेंटिमीटर उंचीचा असावा. झेड-४ चे पोट जमिनीपासून साधारण साडेअकरा सेंटिमीटरवर आहे, आणि नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक मुंबईत किती ठिकाणी आढळतो ते आपण जाणताच. पावसाचे म्हणाल तर ई-२२० चा एकुलता एक वायपर फिरता फिरता बाहेर सरकून काचेचे वरचे कोपरेही पुसतो. जुलैत त्याचे मोल कळते.

जुन्या गाडीचा जाच वेगळा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच, आणि सस्पेन्शनचे रबरी बुश, होज पाइप वयोमानाने बदलावेच लागतात. त्यासाठी जुन्या मर्सिडीजवर हात बसलेला मेकॅनिक मिळाला, तर खर्च झेपण्याजोगा राहतो.

माझे मत विचाराल तर घरात एकच गाडी ठेवायची असेल तेव्हा ई-२२० विकू नये, कारण झेड-४ मध्ये दोनच माणसे बसतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून उठवायला दुसरे माणूस लागते. दुसरी गाडी म्हणून घेणार असाल, तर चाचणीच्या वेळी ती आपल्या सोसायटीच्या पार्किंगपर्यंत नेऊन पाहा. आमच्या तळघराच्या उतारावर पुढचा बंपर दोनदा घासला, आणि तेव्हापासून मेहुणे ती तिरकी करूनच खाली उतरवतात, तेही वॉचमनला पुढे उभे करून.