रोबोच्या हाती बांगडा द्यावा का?

वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळा

प्रश्न : बांगड्याच्या स्नायूंचे ९० नमुने मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणू वस्तुमानावरून ओळखण्यासाठी) तयार करायचे आहेत. लिक्विड हँडलर (द्रव मोजून ओढणारा-टाकणारा रोबो) घेतला तर मांसाच्या तुकड्यापासून पेप्टाइडपर्यंत (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांपर्यंत) सगळं तोच करील का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही, आणि त्याला करायला लावूही नका. तोलणं आणि कुटणं हातानंच ठेवा. यंत्राकडे द्यायचं ते गाळ नसलेलं, मोजलेलं द्रावण.

तुकडा प्रत्येक माशाच्या एकाच जागेचा घ्या : पाठीच्या पराखालचं पांढरं मांस. बांगड्याच्या कुशीला लाल मांसाचा पट्टा असतो, त्यात मायोग्लोबिन हे लाल प्रथिन भरपूर. तो थोडा जरी आला तरी दोन माशांतला फरक म्हणून तुम्ही सुरीचाच फरक मोजाल. नेमके १० मिलिग्रॅम व्हावेत म्हणून कापत बसू नका, तेवढ्यात गोठलेलं मांस वितळतं. ८ ते १५ मधलं काहीही चालेल, वजन लिहा आणि दर मिलिग्रॅमला ३० मायक्रोलिटर बफर घाला (५ टक्के एसडीएस, म्हणजे प्रथिनं विरघळवणारा डिटर्जंट; ५० मिलिमोलर टीईएबी, म्हणजे पीएच सांभाळणारा क्षार; पीएच ८.५). आपल्याकडच्या दमट हवेत उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढलेल्या ट्यूबवर लगेच दव धरतं आणि तेही वजनात येतं. ट्यूब पुसून मगच तोला.

कुटायला २ मिलिलिटरच्या आट्याच्या झाकणाच्या ट्यूब आणि २.८ मिलिमीटरचे सिरॅमिक मणी. ३० सेकंदांचे तीन फेरे, मध्ये मिनिटभर विसावा, पण बर्फात नव्हे. थंडीत एसडीएस गोठतो. मग ९५ अंशांवर १० मिनिटं, म्हणजे मांसातली प्रथिनं तोडणारी एन्झाइमं थांबतात. बफर युरियाचा असेल तर मात्र हे करू नका : तापलेला युरिया प्रथिनांना चिकटून त्यांचं वस्तुमान बदलतो. शेवटी सेंट्रिफ्यूजमध्ये १६,००० जी वर (गुरुत्वाच्या १६,००० पट) १० मिनिटं, २० अंशांना फिरवा. वर चरबीची साय आणि तळाला गाळ दिसेल; मधलं द्रावण हातानं ९६ खान्यांच्या (१२ स्तंभांच्या) प्लेटमध्ये घ्या. रोबोची टीप (द्रव ओढणारं नळीचं टोक) वरून उतरते, ती पहिल्यांदा सायच ओढील. फेस पूर्ण बसू द्या, नाहीतर पातळी ओळखणारा सेन्सर फेसालाच द्रावण समजतो.

प्रथिन बीसीएनं मोजा, म्हणजे तांब्याच्या रंगावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीनं. ब्रॅडफर्ड ही दुसरी चाचणी एसडीएससमोर चालत नाही. मापन आधी, टीसेप (प्रथिनातले गंधकाचे बंध सोडवणारं रसायन) नंतर, कारण टीसेप स्वतःच तांब्याचं क्षपण करतो आणि आकडा फुगतो.

आता यंत्र. चुंबकीय मण्यांवर प्रथिन चिकटवून धुण्याची एसपी३ पद्धत त्याला सोयीची, कारण तिच्यात सेंट्रिफ्यूज लागत नाही. प्रत्येक खान्यात ५० मायक्रोग्रॅम प्रथिन ५० मायक्रोलिटरमध्ये. १० मिलिमोलर टीसेप आणि ४० मिलिमोलर क्लोरोअॅसिटामाइड (सुटलेले बंध पुन्हा जुळू न देणारं), ९५ अंशांवर ५ मिनिटं, मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्यावर ५०० मायक्रोग्रॅम मणी (१० मायक्रोलिटर) आणि एकूण द्रावणाइतकंच शुद्ध इथेनॉल. १० मिनिटं हलवा, २ मिनिटं चुंबकावर ठेवा, ८० टक्के इथेनॉलनं तीनदा १८० मायक्रोलिटरनं धुवा. मग १०० मायक्रोलिटर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये १ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन (प्रथिनं पचवून पेप्टाइड करणारं एन्झाइम), रात्रभर ३७ अंशांना.

बिघाड बहुधा तीन जागी होतो. मणी तळाला बसतात, म्हणून प्रत्येक ओढीआधी ढवळण्याची आज्ञा द्या. नाहीतर पहिल्या स्तंभात दाट आणि बाराव्यात पातळ जातात. इथेनॉल टीपमधून ठिबकतं, म्हणून टीप आधी दोनदा ओली करा आणि शेवटी २० मायक्रोलिटर हवा ओढायला लावा. तिसरं, रात्री कडेचे खाने आटतात. प्लेट नीट चिकटणाऱ्या फिल्मनं बंद करा, नुसतं झाकण पुरत नाही. उरलेल्या सहा खान्यांपैकी तीन कोरे आणि तीन सगळ्यांच्या मिश्रणाचे ठेवा. नमुने चिठ्ठ्या टाकून मांडा. मिरकरवाडा बंदराचे सगळे पहिल्या चार स्तंभांत गेले, तर बंदराचा फरक आणि प्लेटचा फरक पुढे वेगळा काढता येणार नाही.

प्रश्न : हीच पद्धत शिनाण्यांवर केली. द्रावणात पांढरे गुठळे येतात आणि टीप तुंबते. बफर खराब असेल का? (मालवण)

उत्तर : बफर बहुधा ठीक आहे. शिंपल्यात राहिलेलं पाणी समुद्राचं असतं, आणि त्यात लिटरला साधारण ०.४ ग्रॅम पोटॅशिअम. एसडीएस पोटॅशिअमला भेटला की न विरघळणारा क्षार होऊन खाली बसतो. नेहमीच्या पीबीएसमध्येही (फॉस्फेट आणि मिठाच्या बफरमध्येही) पोटॅशिअम थोडं असतंच. शिनाणं उघडल्यावर पाणी निथळू द्या आणि मांस पोटॅशिअम नसलेल्या, नुसत्या सोडिअमच्या थंड बफरनं दोनदा धुवा. तरीही द्रावण तार धरत असेल तर ते डीएनए आणि शेंबूड यांचं काम. सोनिकेटरचे १० सेकंदांचे दोन-तीन झटके द्या.

प्रश्न : पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. मध्येच यंत्र थांबलं तर नमुने टाकून द्यायचे का? (दापोली)

उत्तर : कुठे थांबलं यावर आहे. ९५ अंशांवर तापवलेलं एसडीएस द्रावण उणे ८० मध्ये खुशाल ठेवा. ट्रिप्सिनचं पचन पूर्ण होऊन टीएफए हे आम्ल एक टक्का घातलं असेल तरीही काळजी नाही, आम्लात ट्रिप्सिन थांबतं. धुण्याच्या इथेनॉलमध्ये मणी तासभर राहिले तर बिघडत नाही, मात्र कोरडे पडू देऊ नका. सुकलेले मणी गोळा होऊन बसतात. ट्रिप्सिन घातल्यावर तापमान तासन्तास घसरलं, तर ती प्लेट बाकीच्यांशी तुलनेला घेऊ नका. त्यामुळे यूपीएस एकच असेल तर तो यंत्राच्या हातापेक्षा ३७ अंशांच्या इनक्युबेटरला जोडा.